पस्तीस जीबी दुकानदारानं खाल्ली नाही, पण खोटं उत्तर आम्हीच दिलं

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांत धरणगावकडच्या एका वाचकांचं पत्र आलं होतं. पाचशे जीबीची हार्डडिस्क घेतली, घरी जाऊन लावली तर ४६५ च दिसते, दुकानदाराला विचारलं तर "फॉरमॅट मारलं की कमी होते दादा" म्हणून त्यानं वाटेला लावलं, आणि मग शेवटी त्यांनी लिहूनच टाकलं की हे कॉम्प्युटरवाले सगळे मापात मारतात. मी अमळनेरात स्टँडजवळ कॉम्प्युटर रिपेअरिंगचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवतो, त्यामुळे पत्र वाचून आधी डोकं फिरलं. मग चहा झाला, परत वाचलं, आणि मग थोडी लाजच वाटली, कारण ते "फॉरमॅट मारलं की कमी होते" वालं वाक्य मी स्वतः कितीतरी वर्षं गिऱ्हाइकाच्या तोंडावर फेकत आलोय. ते खोटं आहे. म्हणजे पूर्ण खोटं नाही, फॉरमॅट करताना, म्हणजे डिस्क वापरायला तयार करताना, थोडी जागा कुठली फाइल कुठे ठेवलीय त्या हिशोबाच्या वहीसाठी जातेच, पण ती पस्तीस जीबी नसते, पाचशेच्या डिस्कवर ती शे-दोनशे एमबीच्या घरातली गोष्ट (साधारण हजार एमबीचा एक जीबी). आम्हाला खरं कारण नीट माहीत नव्हतं आणि ज्यांना माहीत होतं त्यांना काउंटरवर गर्दी असताना सांगायचा कंटाळा होता. म्हणून हे पत्र.

मला हे कळलं कसं ते सांगतो. पारोळ्याच्या अलीकडच्या एका खेड्यातले आबा, पोराच्या लग्नाची शूटिंग ठेवायला एक टीबीची, म्हणजे हजार जीबीची, एक्स्टर्नल डिस्क घेऊन गेले होते माझ्याकडून. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आत आबा पायरीवर बसलेले, डिस्क गमछ्यात बांधलेली. म्हणे नातवानं लावून पाहिली, ९३१ दाखवते. "मनी एकोणसत्तर जीबी कोठे गयी रे भो?" मी नेहमीचं उत्तर दिलं, फॉरमॅट. आबा म्हणाले मग फॉरमॅट न मारलेली दे. आता काय बोलणार? आबांचा प्रश्न बिनतोड होता. त्या दिवशी दुपारी बसून मी पहिल्यांदा त्या डिस्कची प्रॉपर्टीज नीट वाचली, आणि उत्तर तिथंच होतं, इतकी वर्षं डोळ्यासमोर.

तुम्ही पण बघा. धिस पीसी उघडा, ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज. तिथं एकाच ओळीत दोन आकडे असतात. एक लांबलचक, बाइट्समध्ये (बाइट म्हणजे इंग्रजीच्या एका अक्षराला लागते तेवढी जागा), आणि त्याच्या शेजारी छोटा, जीबीमध्ये. पाचशेची डिस्क बहुतेक वेळा एकूण ५,००,१०,७८,६२,०१६ बाइट्सची असते, म्हणजे पन्नास हजार कोटींच्या थोडी वरच. म्हणजे कंपनीनं पाचशे अब्ज सांगितले आणि पाचशे अब्जाच्या वर दिले, एक बाइट कमी नाही. आणि त्याच ओळीत विंडोज शेजारी ४६५ लिहितं. दोन्ही आकडे एकाच डिस्कचे, दोन्ही बरोबर. फक्त कंपनी जीबी म्हणते तेव्हा १०० कोटी बाइट्स धरते, आणि विंडोज जीबी म्हणतं तेव्हा १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ धरतं. भागाकार करून बघा, मोबाइलचा कॅल्क्युलेटर पुरतो.

आता हे खान्देशातल्या माणसाला समजायला अवघड जायचं काही कारणच नाही. जळगावच्या सराफ बाजारात तोळा म्हणजे किती? आज सगळे १० ग्रॅम धरतात. पण जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. आजीनं "पाच तोळ्यांची पोत" म्हणून ठेवलेली वस्तू आज काट्यावर टाकली तर ५८ ग्रॅमच्या वर भरायला पाहिजे, आणि आपण आज पाच तोळे घेतले तर ५० ग्रॅम मिळतात. सोनाराने आठ ग्रॅम खाल्ले का? नाही, शब्द तोच राहिला आणि माप बदललं. जीबीचं तंतोतंत हेच झालंय, फरक इतकाच की तोळा एकाच्या मागोमाग दुसरा आला, आणि जीबीची दोन्ही मापं एकाच वेळी, एकाच टेबलावर, एकाच नावानं चालू आहेत.

असं का झालं त्याची गोष्ट मजेशीर आहे. कॉम्प्युटरची मेमरी म्हणजे रॅम ही दोनाच्या पाढ्यावर चालते. पत्ता सांगायला दहा तारा असल्या तर त्यातून बरोबर १०२४ खणांचे पत्ते तयार होतात, हजार नाही. जुन्या इंजिनिअर लोकांना वाटलं १०२४ काय आणि १००० काय, जवळच आहे, म्हणा किलोबाइट, म्हणजे केबी. पुढे १०२४ केबीचा एमबी, १०२४ एमबीचा जीबी, तसाच टीबी. २४ बाइट्सचा तर फरक. पण तो फरक प्रत्येक पायरीला वाढत जातो हे कोणी मनावर घेतलं नाही. केबीला २.४ टक्के, एमबीला ४.९, जीबीला ७.४, आणि टीबीला आलो तर जवळजवळ १० टक्के. व्याजावर व्याज. सावकाराचा धंदा कसा चालायचा ते ज्यांनी घरात ऐकलंय त्यांना हे लगेच कळेल.

आणि डिस्कला दोनाच्या पाढ्याशी तसं देणंघेणं नाही. ती गोल तबकडी, तिच्यावर जितके ट्रॅक (गोल रेघा) आणि सेक्टर (त्या रेघांचे तुकडे) बसतील तितके, म्हणून डिस्कवाल्यांनी हजारानंच मोजलं. त्यात त्यांचा आकडा मोठा दिसतो हा फायदा झालाच, नाही म्हणत नाही. पण मग गंमत बघा, तुम्ही लॅपटॉप घेता, पेटीवर लिहिलेलं असतं ८ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी, म्हणजे तबकडी नसलेली चिपवाली डिस्क. त्या रॅमचा जीबी मोठा, १०२४ वाला, आणि त्याच पेटीवर दोन बोटांच्या अंतरावर छापलेला एसएसडीचा जीबी छोटा. एकाच कागदावर दोन तोळे! आणि गिऱ्हाइकानं समजून घ्यायचं.

फ्लॉपी आठवते का कोणाला? १.४४ एमबी. ती तर या दोघांचीही नव्हती. तिच्यावर १४,७४,५६० बाइट्स मावायचे. हजार हजारानं मोजलं तर १.४७ एमबी होतात, १०२४ नं मोजलं तर १.४१ च्या आसपास. मग १.४४ कुठून आलं, तर १४४० केबी, त्यातला केबी १०२४ चा आणि तो एमबी करताना भागलं हजारानं. म्हणजे अर्धा पायजमा आणि अर्धी पॅन्ट. आणि तो आकडा अख्ख्या जगानं निमूट वापरला, आम्ही पण त्याच नावानं फ्लॉप्यांचे डबे विकले.

यावर उपाय काढला नाही असं नाही. १९९८ साली आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेनं १०२४ वाल्या मापांना वेगळी नावं देऊन टाकली, किबीबाइट, मेबीबाइट, गिबीबाइट. त्या हिशोबानं विंडोजनं ४६५ गिबीबाइट लिहायला पाहिजे, म्हणजे भांडणच मिटलं. पण विंडोज अजून गिबीबाइट मोजतं आणि जीबी लिहितं. ॲपलनं २००९ मध्ये मॅक कॉम्प्युटरसाठी स्नो लेपर्ड नावाची नवी सिस्टीम आणली तेव्हा दुसरी वाट धरली, सरळ हजारानं मोजायला लागले, म्हणून तीच पाचशेची डिस्क मॅकला लावा, पाचशे दाखवते. लिनक्स या तिसऱ्या सिस्टीमवर तर प्रोग्रामप्रमाणे बदलतं, कोणी असं मोजतो कोणी तसं. म्हणजे एक डिस्क, तीन मशीन, आणि घरात भांडण. गिबीबाइट हा शब्द कानाला जरा बोबडा वाटतो हे मान्य, लहान पोरानं जीबी म्हणावं तसा, त्यामुळेही तो चालला नसेल.

अमेरिकेत तर लोक कोर्टात गेले या सात-आठ टक्क्यांसाठी. २००६ मध्ये डिस्क बनवणाऱ्या वेस्टर्न डिजिटल कंपनीनं तडजोड केली आणि गिऱ्हाइकांना बॅकअपचं सॉफ्टवेअर फुकट दिलं, २००७ मध्ये तसल्याच सीगेट कंपनीनं पाच टक्के रक्कम परत किंवा सॉफ्टवेअर असं कबूल केलं. चूक केली असं कोणी मान्य केलं नाही, पण त्यानंतर पेटीच्या मागे मुंगीच्या अक्षरात "१ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट्स, वापरायला मिळणारी जागा कमी असू शकते" अशा अर्थाचं वाक्य हमखास दिसायला लागलं. इंग्रजीत. आमच्या आबांनी ते वाचावं अशी अपेक्षा.

बरं, हे झालं पेटी आणि स्क्रीनमधलं भांडण. पण धरणगावच्या त्या वाचकांनी पत्रात दुसरी एक तक्रार केली होती ती मला जास्त महत्त्वाची वाटली, आणि त्यात त्यांची बाजू बरोबर आहे. ते म्हणतात की सी ड्राइव्हमधले सगळे फोल्डर सिलेक्ट करून बेरीज केली तर ती वापरलेल्या जागेशी जुळत नाही. नाहीच जुळत. आणि इथं १०२४ चा काही संबंध नाही, इथं वेगळंच चाललेलं असतं.

माझ्याकडे एक वकीलसाहेब आले होते, १२० जीबीची एसएसडी, विंडोजमध्ये १११ दिसणारी, तिच्यातली १०४ भरलेली, आणि साहेबांनी सगळे फोल्डर मोजले तर ६१. साहेब म्हणे उरलेल्या ४३ चा हिशोब द्या, नोटीस पाठवीन. कोणाला पाठवणार ते काही बोलले नाहीत. आम्ही दुपारभर बसलो. आठ जीबी रॅम होती, तर मशीन झोपवताना रॅममधलं सगळं लिहून ठेवायला विंडोजनं हायबरफिल नावाची फाइल करून ठेवलेली, तीन जीबीच्या वर. रॅम कमी पडली तर उसनवारीला पेजफाइल, सहा. रिस्टोअर पॉइंट, म्हणजे मशीन बिघडलं तर मागच्या तारखेला जाता यावं म्हणून ठेवलेल्या जुन्या प्रती, अकरा, आणि त्या सिस्टीम व्हॉल्यूम इन्फर्मेशन नावाच्या फोल्डरात असतात ज्याला तुम्ही आम्ही हात लावू शकत नाही, उघडायला गेलं तर परवानगी नाही म्हणतं आणि मोजणीत शून्य धरतं. मग सापडलं सगळ्यात मोठं. साहेबांकडे दोन वर्षांपूर्वी एक ज्युनिअर होता, त्याचं वेगळं खातं होतं मशीनवर, तो सोडून गेला पण त्याचं खातं राहिलं, त्यात १९ जीबी. आणि त्याच्याच रिसायकल बिनमध्ये चार. साहेब रोज स्वतःचं रिसायकल बिन रिकामं करायचे, पण ते प्रत्येक खात्याचं वेगळं असतं, हे मलाही तोपर्यंत डोक्यात नव्हतं. ४३ चा हिशोब लागला, नोटीस टळली.

सांगायचं ते असं की विंडोज जेव्हा म्हणतं १०४ भरली तेव्हा ते डिस्कच्या वहीत बघून सांगतं, आणि तुम्ही फोल्डर सिलेक्ट करून मोजता तेव्हा तुम्हाला जे दिसतं आणि ज्याची तुम्हाला परवानगी आहे तेवढंच मोजलं जातं. गावात किती घरं हे ग्रामपंचायतीच्या रजिस्टरला विचारणं आणि गल्लीत फिरून उघडी दारं मोजणं, आकडा सारखा येईल का? ट्रीसाइज किंवा विनडिरस्टॅट ही फुकटची सॉफ्टवेअरं ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवली तर बरीचशी बंद दारंही मोजली जातात, सगळी नाही.

याच्या उलटंही होतं. विंडोजच्या फोल्डरात विनएसएक्सएस म्हणून एक फोल्डर आहे, तो प्रत्येकाला आधी दिसतो कारण तो मोठा दिसतो, आणि प्रत्येक जण मला विचारतो उडवू का. उडवू नका भो! तो जेवढा दिसतो तेवढा नसतोच. त्यातल्या बऱ्याच फाइली म्हणजे एकाच फाइलीची दोन नावं आहेत, एक नाव इथं, एक नाव सिस्टीमच्या दुसऱ्या फोल्डरात, माल एकच. मोजणारा दोन्हीकडे मोजतो. एकाच माणसाचं नाव दोन रेशनकार्डांवर असावं तसं, कागदावर माणसं दोन आणि जेवायला एक. डिस्क क्लीनअपमधून जे साफ होईल ते करा, हातानं नको.

आता सगळ्यात जास्त गोंधळ घालणारी जोडी. कुठल्याही फाइलीची प्रॉपर्टीज काढा, एक असतं साइज, दुसरं साइज ऑन डिस्क. ही दोन कधीच सारखी नसतात म्हटलं तरी चालेल. कारण डिस्क जागा सुट्टी देत नाही, पोत्यानं देते. पसाभर तूर असली तरी पोतं एक अडलं. त्या पोत्याला क्लस्टर म्हणतात, विंडोजच्या नेहमीच्या एनटीएफएस पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हवर तो ४ केबीचा असतो. म्हणून ५ केबीची फाइल दोन पोती घेते, ८ केबी. घरच्या मशीनवर या वाया जाणाऱ्या जागेकडे कोणी बघत नाही, पण माझा धंदाच छोट्या फाइलींचा. फॉर्म भरायचे तर फोटो आणि सही थोडक्याच केबीत बसवावी लागते. असे वर्षानुवर्षांचे चाळीसेक हजार फोटो मी एका फोल्डरात ठेवलेले, सरासरी २० केबी धरा, म्हणजे ७८० एमबीच्या आसपास. ते मी ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर टाकले आणि पेनड्राइव्हची जवळजवळ पाच जीबी गेली. मला वाटलं व्हायरस. व्हायरस नव्हता, तो पेनड्राइव्ह एक्सफॅट नावाच्या दुसऱ्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला होता, आणि ३२ जीबीच्या वरच्या ड्राइव्हला विंडोज एक्सफॅटमध्ये आपोआप १२८ केबीचं पोतं लावतं. वीस केबीच्या फोटोला १२८ चं पोतं! चाळीस हजार पोती. मग सगळं एक झिप फाइल करून टाकलं तर एकच लांब फाइल झाली, जेवढ्यास तेवढी जागा लागली. हे जर कोणी दुकानदार करत असेल तर आजच झिप करा, माझ्यासारखा दोन तास अँटीव्हायरस फिरवत बसू नका.

आणि साइज ऑन डिस्क कधी कमीही दिसतं. वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण, चालू असलं तर फोल्डर ५० जीबीचा दिसतो आणि डिस्कवर शून्य, कारण फाइली वर कंपनीच्या सर्व्हरवर आणि खाली नुसती पाटी लावलेली. एका बाईंनी जागा करायची म्हणून तिथून फोटो उडवले, जागा एक केबी वाढली नाही, आणि फोटो मात्र दोन्हीकडून गेले. रिसायकल बिनमधून परत आले म्हणून वाचलं, वनड्राइव्हच्या वेबसाइटवरच्या बिनमधून.

जागा असून जागा नाही हा प्रकार लग्नसराईत आठवड्याला एक तरी येतोच. ३२ जीबीचा पेनड्राइव्ह, २९ मोकळे, आणि लग्नाची सहा जीबीची फाइल जात नाही, मशीन म्हणतं फाइल फार मोठी आहे. शूटिंगवाला म्हणतो पेनड्राइव्ह खराब, दुकानदार म्हणतो फाइल खराब, नवरदेव मधे उभा. पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला आहे हो, त्यात एका फाइलला ४ जीबीच्या वर जागा नाही, बाकी कितीही मोकळं असो. एनटीएफएस किंवा एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, पण आधी आतलं काढून घ्या, हे मला सांगावं लागतं कारण एकदा मीच विसरलो होतो आणि एका हळदीचे फोटो गेले. ती माणसं अजून रस्त्यात दिसली की मी दुसऱ्या फुटपाथला जातो.

स्टुडिओवाल्यांसाठी अजून एक. चार टीबीची डिस्क घेतली तर विंडोजमध्ये ३७२५ जीबी दिसायला पाहिजे. त्यातले २०४८ च वापरता येत असतील आणि बाकी १६७७ अनअलोकेटेड, म्हणजे न वाटलेले, म्हणून काळ्या पट्टीखाली पडले असतील, तर ती १०२४ ची भानगड नाही, डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीनं सुरू केलीय. त्या पद्धतीत सेक्टरचा नंबर लिहायला जेवढी जागा ठेवलीय त्यात २०४८ जीबीच्या पुढचे नंबरच बसत नाहीत. जीपीटी नावाच्या नव्या पद्धतीत करून घ्या. रिकामी डिस्क असेल तर पाच मिनिटांचं काम आहे, शंभर रुपयांच्या वर कोणी मागितले तर देऊ नका.

पुतण्या धुळ्याला इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणतो काका, लिनक्सवर पण हेच. तिथं डीएफ आणि डीयू अशा दोन कमांड, एक वहीत बघून सांगते, एक दारोदार फिरून. त्यांच्या कॉलेजच्या प्रोजेक्टच्या सर्व्हरवर डिस्क पूर्ण भरलेली, आणि फाइलींची बेरीज अर्धी पण नाही. कोणीतरी मोठी लॉग फाइल, म्हणजे प्रोग्रामची नोंदवही, उडवली होती पण प्रोग्राम ती उघडून बसलेला, आणि तो सोडत नाही तोवर जागा मोकळी होत नाही. प्रोग्राम बंद करून परत चालू केला, जागा आली. शिवाय तिथं डिस्कचा पाच टक्के भाग मुख्य वापरकर्त्यासाठी राखून ठेवायची पद्धत आहे, एक टीबीला पन्नास जीबी. आमच्याकडे सरपंचासाठी खुर्ची राखून ठेवतात तशी. हे मी त्याच्याच तोंडून ऐकलेलं लिहितोय, मी लिनक्स वापरत नाही.

आता खऱ्या चोरीबद्दल, कारण ती आहे, आणि त्या पत्रात तिचा उल्लेखच नव्हता. आठवडे बाजारात आणि ऑनलाइन पाच-सहाशे रुपयांत दोन टीबीचा पेनड्राइव्ह मिळतो. लावला तर झकास दाखवतो, जागा अगदी भरपूर. आत चिप असते ३२ किंवा ६४ जीबीची, आणि तिला चालवणाऱ्या कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. पहिल्या तीस-चाळीस जीबीपर्यंत सगळं नीट जातं, त्यापुढे फाइलींची नावं दिसतात पण उघडत नाहीत. म्हणजे ज्यानं ४६५ दाखवलं तो प्रामाणिक, आणि ज्यानं भरभरून दाखवलं तो चोर. स्क्रीनवरचा आकडा बघून हे कळत नाही, पूर्ण भरून परत वाचून बघावं लागतं, त्यासाठी एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, रात्री लावून झोपायचं. चोपड्याकडच्या एका शिक्षकांनी शाळेच्या पाच वर्षांच्या कार्यक्रमांचे फोटो असल्या पेनड्राइव्हवर ठेवले होते. त्यातला पहिलाच कार्यक्रम तेवढा निघाला.

आता माझी मागणी, कारण पत्र लिहायला बसलो ते त्यासाठीच. ज्या विप्रोचं नाव आज सगळे सॉफ्टवेअरसाठी घेतात ती कंपनी १९४५ मध्ये आमच्या अमळनेरात वनस्पती तुपाच्या कारखान्यानं सुरू झाली, तर तेलातुपाचाच दाखला देतो. किराणा दुकानातून तेलाची एक लिटरची पिशवी घ्या, तिच्यावर लिटरपण छापलेलं असतं आणि ९१० ग्रॅमपण. घरी वजन केलं आणि किलो भरलं नाही म्हणून दुकानदाराशी भांडायला गेलेला माणूस मी पाहिला नाही. आणि योगायोग बघा, एक टीबी विंडोजच्या मापात ०.९०९ टीबी भरतो (९३१ ला १०२४ नं भागा), तेलाच्या पिशवीसारखाच. तर डिस्कच्या आणि पेनड्राइव्हच्या पेटीवर पुढच्या बाजूला, ठळक, दोन्ही आकडे छापायला काय हरकत आहे? "५०० जीबी, विंडोजमध्ये ४६५ दिसेल." बस. मागच्या बाजूला मुंगीच्या अक्षरात नको. वजनमापवाले दुकानदारांच्या काट्याला वेळोवेळी शिक्का मारायला लावतात, या मापाकडे त्यांनी एकदा बघावं.

तोवर मी माझ्यापुरतं काउंटरवर एक कागद लॅमिनेट करून लावलाय. १६ घेतला तर १४.९, ३२ ला २९.८, ६४ ला ५९.६, ५०० ला ४६५, एक टीबीला ९३१, दोन टीबीला १.८१ टीबी. खाली लिहिलंय, फॉरमॅटमुळे नाही. लावल्यापासून भांडणं कमी झाली, फक्त एक जण म्हणाला की मग ४६५ चेच पैसे घ्या ना. त्याला उत्तर सापडलेलं नाही. धरणगावच्या वाचकांनी त्यांची डिस्क घेऊन एकदा यावं, माझ्याकडून घेतलेली नसली तरी चालेल, प्रॉपर्टीज उघडून दोघं मिळून ती ओळ वाचू, चहा माझ्याकडून. आणि आबांना मी त्याच आठवड्यात गावी जाऊन खरं सांगून आलो, तोळ्याचा दाखला देऊन. आबा म्हणाले, "हाई आधी सांगतास ते?"

आपला,
एक कॉम्प्युटर रिपेअरिंगवाला, अमळनेर

ता. क. हे पत्र नोटपॅडमध्ये टाइप करून सेव्ह केलं. साइज ४१.३ केबी, साइज ऑन डिस्क ४४ केबी. एवढ्या पत्राला एवढे केबी कसे असं वाटेल, तर देवनागरीचं एकेक अक्षर, एकेक काना-वेलांटी तीन तीन बाइट्स घेते आणि इंग्रजीचं अक्षर एक. जागेअभावी तुम्ही दोन-चार ओळी कापल्या तरी माझी हरकत नाही, डिस्कवर ते ४४ च राहील.